पडल्यावर लगेच घोड्यावर बसण्याचा सल्ला देऊ नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मस्टँग घोड्यांविषयीचा लेख वाचला. वरातीतली घोडी उधळल्याच्या बातमीपलीकडे घोडा हा विषय आपल्या वर्तमानपत्रांत सहसा येत नाही, त्यामुळे पान उघडताच बरे वाटले. मात्र लेखाच्या शेवटी हौशी घोडेस्वारांसाठी जी चौकट दिली आहे, तिच्यात ‘पडलात तर लगेच पुन्हा चढा, नाहीतर भीती कायमची घर करते आणि घोड्याला आपण जिंकलो असे वाटते’ असा सल्ला आहे. हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्याबद्दल आहे. हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी मला तोंडी मिळाला होता, मी तो मानला होता, आणि त्यापायी माझे डाव्या हासळीचे हाड मोडले होते.

मी नागपुरातल्या एका शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घोड्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा ५७ वर्षांची होते. काटोल रोडवर आमच्या दिरांचे शेत आहे आणि तिथल्या गोठ्याच्या एका बाजूला माझी काठेवाडी घोडी बांधलेली असते. मी तज्ज्ञ नाही हे आधीच सांगते. परंतु एका मस्टँगला माणसाजवळ येताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्यानंतर स्वतःच्या घोडीजवळ मलाही तसेच हळूहळू यावे लागले.

प्रथम लेखातील एक गैरसमज. मस्टँग हा वाघ-अस्वलासारखा मुळापासूनचा रानटी प्राणी असल्यासारखे लेखात वर्णन आहे. उत्तर अमेरिकेतले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले. आज तिथे मोकळे फिरणारे घोडे हे सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे गोठ्यांतून, लष्करातून सुटलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज आहेत. मस्टँग हा शब्दही स्पॅनिशमधल्या ‘मेस्तेन्यो’वरून आलेला असून त्याचा अर्थ बेवारशी, भटके जनावर असा होतो. १९७१ च्या कायद्याने या घोड्यांना संरक्षण मिळाले. पश्चिमेकडील दहा राज्यांतल्या कुरणांवर त्यांची व्यवस्था ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खाते पाहते, आणि कुरणाला न पेलणारे घोडे पकडून लोकांना दत्तक देते. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्याच्या पूर्वजांनी शेकडो पिढ्या माणसाला पाठीवर घेतले त्या प्राण्याला ‘मोडावे’, म्हणजे जबरीने वठणीवर आणावे लागते, ही लेखातली भाषा मुळातच चुकीची आहे. त्याच्याकडे माणसाची ओळख नसते, एवढेच.

माझी भाची अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात राहते. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे पाच महिने होते आणि त्याच काळात तिने एक मस्टँग दत्तक घेतला. अशिक्षित घोड्यासाठी तिला १२५ डॉलर भरावे लागले, म्हणजे घोडा जवळजवळ फुकटच. खरा खर्च कुंपणाचा. मोठ्या, न माणसाळलेल्या घोड्यासाठी कुंपण किमान सहा फूट उंच हवे आणि प्रत्येक घोड्यामागे किमान ४०० चौरस फूट जागा व आडोसा हवा, असा नियम आहे. शिवाय पहिले वर्षभर घोडा सरकारचाच राहतो. त्याची निगा नीट राखल्याचे पशुवैद्याने किंवा तशा जाणकाराने लिहून दिल्यावरच मालकीचा कागद मिळतो. वर्षभर राबा आणि मग सात-बारा नावावर करून घ्या, असाच हा प्रकार म्हणायचा. मला ही तरतूद फार आवडली. आपल्याकडे पैसे मोजले की त्याच संध्याकाळी माणूस मालक होतो.

घोडा आला त्या दिवशी त्याच्या तोंडावर मोरखी होती आणि तिला एक दोर लोंबत होता. मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, पांढऱ्या केसांच्या कोनांची एक ओळ होती. द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या लोखंडाने हा शिक्का उमटवतात, तिथले केस पुढे पांढरे उगवतात, आणि त्या खुणांमध्ये जन्मवर्ष व नोंदणी क्रमांक वाचता येतो. एरवी तो घोडा पाहायला साधा होता: चौदा मुठींचा, म्हणजे खांद्याशी पावणेपाच फुटांच्या आतबाहेर, मातकट रंगाचा, टणक खुरांचा. त्याला गाजर दिले तर त्याने हुंगून सोडून दिले. ते खायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते.

भाचीने पहिले नऊ दिवस त्याला हात लावला नाही. सकाळी चारा टाकायचा आणि कुंपणाच्या आत एका कोपऱ्यात बादली उपडी घालून तिच्यावर पुस्तक वाचत बसायचे, एवढाच तिचा कार्यक्रम होता. मी बाहेरून, शालीत गुंडाळलेली, बघत असे आणि मनात म्हणत असे की ही पोरगी वेळ फुकट घालवते आहे. घोडा आधी समोरच्या कुंपणाला घासून येरझाऱ्या घालायचा, मग उभा राहून तिच्याकडे एक कान रोखायचा, मग चारा खाता खाता मध्येच मान वर करायचा. दहाव्या दिवशी तो मागून आला. आधी तिच्या बुटाचा वास घेतला, मग पुस्तकाच्या कडेचा. तिने पान उलटले तेव्हा त्या आवाजाने तो चार पावले मागे उडाला, आणि तिने मान वर न करता वाचन चालूच ठेवले. थोड्या वेळाने तो परत आला.

पुढे मी जे पाहिले ते सगळे या दोन क्षणांचेच वाढवलेले रूप होते. जवळ जायचे, आणि तो घाबरायच्या आधी आपणच मागे सरायचे. दोराला हलका ताण द्यायचा, आणि त्याने अर्धे पाऊल टाकले की त्याच क्षणी ताण सोडायचा, कारण घोडा शिकतो तो ताण सुटल्यावर. डाव्या बाजूने हात लावून घेतला म्हणून उजव्या बाजूने घेईलच असे नसते, तेव्हा सगळा अभ्यास दोन्ही बाजूंनी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या दिशेने जायचे. तिथे शंभर दिवसांत मस्टँग तयार करून दाखवण्याच्या स्पर्धा होतात, त्यांचे आपल्या लेखात कौतुक आहे. ते कौतुक रास्त असले तरी तयार होतो तो घोडा, तोही त्या कसबी माणसाच्या हाताखाली. त्याच्यावर उद्या बसणारा नवखा माणूस त्या शंभर दिवसांत तयार झालेला नसतो.

भाचीने स्वतः पाठीवर बसण्याआधी आठ महिने घेतले, आणि त्या आठ महिन्यांत ती आठवड्यातून दोनदा दुसऱ्याच्या एका अठरा वर्षांच्या, कशालाच न बुजणाऱ्या घोडीवर बसायला जात असे. घोडाही नवखा आणि स्वारही नवखा, ही जोडी जमत नाही, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

मला मात्र ते सांगूनही पटले नव्हते. परत आल्यावर अंगात वारे शिरले होते. एका दलालाकडून पाच वर्षांची घोडी घेतली. कानांची टोके एकमेकींना टेकणारी, अंगाने कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी, दिसायला इतकी देखणी की दिरांनी तिच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते पाहायला खास माणूस आणला. दलालाने आमच्यासमोर तिच्यावर लहान मुलाला बसवून दाखवले, ‘पूर्ण तयार आहे’ म्हणून सांगितले. त्या सकाळी आम्ही पोचण्याआधी तिला दोन तास पळवून दमवलेले होते हे नंतर कळले. तिच्या तोंडात काटेरी लगाम होता. अशा लगामाला जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते. जिभेच्या कडेवरचे व्रण पशुवैद्याने दाखवले तेव्हा समजले. नेवाडातला घोडा माणसाला ओळखत नव्हता. माझी घोडी माणसाला नको तितकी ओळखत होती, आणि हे अधिक कठीण असते.

माझे शिक्षण शहराजवळच्या एका स्वारी-वर्गात झाले, तेही जेमतेम तीस-बत्तीस तासांचे, गोल रिंगणात, गुरुजी मध्ये उभे असताना. दुडकीवर बसता येऊ लागले होते, म्हणजे मांड पक्की झाली असे मी ठरवून टाकले होते. डिसेंबरमधल्या एका सकाळी शेताच्या रस्त्याने निघाले. संत्र्यांचा हंगाम होता. वळणावर एक टेम्पो उभा होता आणि दोघे जण रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट खाली फेकत होते. घोडी थबकली, तिची मान एकदम उंच झाली, पाठ माझ्याखाली लाकडासारखी कडक झाली. त्या क्षणी मी उतरायला हवे होते. मी टाचा मारल्या. ती जागच्या जागी उजवीकडे वळली आणि मी डावीकडे राहिले.

पहिल्या पडण्याने काही झाले नाही. मऊ माती होती, डोक्यावर हेल्मेट होते. आमच्याकडे घोडीची देखभाल करणारा गडी धावत आला आणि म्हणाला, “बाई, आत्ताच बसा, नाही त भेव बसून जाते.” त्याचा हेतू चांगलाच होता, त्याच्या वडिलांनी त्याला हेच सांगितले होते. मी बसले. हात इतके थरथरत होते की लगामातून ते थेट घोडीच्या तोंडात पोचत असणार. श्वास वर अडकलेला, गुडघे आवळलेले. घोडीच्या दृष्टीने पाहा: आधी त्या वळणावर काहीतरी भयंकर आहे असा तिला संशय होता, आता पाठीवरच्या बाईच्या अंगानेही तिला तेच सांगितले. दुसऱ्या वेळी ती उधळली, आणि मी बांधाच्या दगडावर खांद्याने आदळले.

संपादक महोदय, हाड सात आठवड्यांत जुळले. भीती जुळायला, म्हणजे आवाक्यात यायला, अकरा महिने लागले. तबेल्याकडे जाताना मोटारीतच हाताला घाम सुटायचा. घरी मी कुणाला सांगितले नाही. घोडीला थंडी बाधली आहे, नाल पडला आहे, अशी कारणे सांगत राहिले. या वयात हे खूळ कशाला, असे म्हणायला सगळे टपलेलेच होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे मी आजही म्हणणार नाही.

मग मी बादली उपडी घातली. अक्षरशः. तीन आठवडे मी घोडीजवळ नुसती बसले, खरारा केला, पाय उचलून खूर साफ केले. नंतर तिला दोर धरून फिरवले, क्रेट आणून गोठ्याच्या दाराशी ठेवले, त्यात तिचा भिजवलेला हरभरा घातला. पहिल्या दिवशी तिने तो खाल्ला नाही. चौथ्या दिवशी क्रेट उलटा करून जमिनीवरचे दाणे टिपले. मग आम्ही दोघी चालत त्या वळणापर्यंत जाऊ लागलो आणि ती सैलावून मान खाली करून जबडा हलवू लागेपर्यंत तिथे उभ्या राहू लागलो. कधी त्याला पाच मिनिटे लागत, कधी पाऊण तास.

बसण्याची सुरुवात दगडावरून केली. एक पाय रिकिबीत घालायचा, वजन टाकायचे, उतरायचे. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण बसायचे आणि लगेच उतरायचे. बसणे हे वर राहण्यासाठी असते ही समजूत डोक्यातून काढायला मला सर्वांत जास्त कष्ट पडले. उतरणे हा सरावाचा अर्धा भाग आहे. चालत्या घोडीवरून दोन्ही पाय रिकिबींतून काढून खाली येणे मी एवढ्या वेळा केले की ‘वेळ आली तर मी उतरू शकते’ हे अंगाला कळले, आणि त्यानंतरच वर बसलेली असताना गुडघे सैल पडू लागले. एक बाजूचा लगाम हळूच मांडीकडे घेऊन मान वळवायची आणि घोडीला मागचे पाय आडवे टाकत थांबायला लावायचे, हेही आधी उभ्याने, मग चालीत, मग संथ दुडकीत केले. भरधाव सुटलेल्या घोड्यावर हा प्रयोग करू नये, तो घोड्यासकट आडवे करतो. म्हणूनच घोडा भरधाव सुटण्याआधी, त्याच्या पहिल्या थबकण्यालाच तो करायचा असतो.

श्वासासाठी मी पाढे म्हटले. हसू नका. भीती वाटली की माणूस श्वास कोंडतो आणि घोडा तो लगेच ओळखतो. मोठ्याने काही म्हणत राहिले की श्वास कोंडता येत नाही. सोपे पाढे तोंडपाठ असल्याने मन भलतीकडे जाते, तेव्हा मी एकोणतिसाचा निवडला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. पुढचा आकडा आठवायला अडखळले तर ते बुद्धीचे काम असते. आवाज चिरकला तर ते भीतीचे, आणि तिथे मी उतरत असे. हे मोजमाप मला अजूनही उपयोगी पडते.

आता आपल्या गावाविषयी थोडेसे. नागपुराभोवती हल्ली शेतघरांवर घोडा बांधण्याची हौस वाढलेली दिसते, आणि तो बहुधा मुलांसाठी आणलेला तरुण, तापट नर असतो. कुणी काही म्हटले की भोसल्यांचे घोडदळ बंगालपर्यंत गेले होते, घोडा आपल्या रक्तात आहे, असे उत्तर मिळते. गेले होते, हे खरे. रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालात ‘बर्गी’ हा शब्द असा रुजवला की तिकडे तो आजही पोरांना निजवताना ऐकू येतो. पण तो शब्द ज्या बारगिरावरून आला त्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. दोघांनाही घोडा राखणारा मोतद्दार, त्याला वळण लावणारा चाबूकस्वार, नाल ठोकणारा नालबंद अशा माणसांची साथ होती. आपण पैसे देऊन एका दिवसात शिलेदार होतो आणि मदतीला उरतो तो दलालाचा फोन नंबर.

खर्चाचेही खरे सांगायला हवे. कडबा, जव, हरभरा, मीठ, गड्याचा पगार, सहा ते आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी, धनुर्वाताची लस आणि रक्ततपासणी धरून मला महिन्याला सरासरी पंधरा हजार रुपये लागतात, तेही जागा घरची असून. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम बदलली आणि पोटशूळ उठला की रात्र काढणे म्हणजे काय ते कळते. नागपूरकरांचे नशीब एवढे की पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून शहरातच आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा मी पहाटे साडेपाचला निघते आणि साडेसहाला घोडी सावलीत असते; मे महिन्यात तर नुसती आंघोळ आणि चालणे.

ज्यांना घोडा घ्यायचाच आहे त्यांना मी एवढेच सुचवीन की तो तीन वेळा, तीन निरनिराळ्या वेळी, न कळवता जाऊन पाहावा, तोंड उघडून पाहावे, आणि पहिले वर्ष दुसऱ्याच्या जुन्या, शहाण्या घोड्यावर शिकत राहावे. पडलात तर आधी हाडे तपासा, मग घोडी पाहा, पाणी प्या. त्या दिवशी पुन्हा बसायचे की नाही हे श्वास ठरवील. बसावेसे वाटले, आवाज सरळ निघत असला, तर बसा, मी नाही म्हणत नाही. नसेल निघत, तर तिला दोराने चालवत घरी आणा आणि ती शांत असताना दावणीला बांधा, म्हणजे दिवसाचा शेवट दोघांच्याही आठवणीत बरा राहील. घोड्याला ‘आपण जिंकलो’ असे वाटण्याची भीती तर मुळीच बाळगू नका. जिंकण्या-हरण्याचा हिशेब घोडा ठेवतो असे मला या सगळ्या काळात एकदाही दिसले नाही.

यंदाच्या हंगामात तो टेम्पो त्याच वळणावर उभा राहतो. गेल्या आठवड्यात दोनदा मी वरूनच गेले, एकदा उतरून घोडीला चालवत नेले आणि पुढच्या दगडावरून पुन्हा बसले. आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि चौकटीतला मजकूर लोक कापून ठेवतात, म्हणून त्या चौकटीतले ते एक वाक्य पुढील रविवारी दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, काटोल रोड, नागपूर
(नाव छापू नये. घरी अजून पहिल्याच पडण्याची माहिती आहे.)